चौदा अंशांची खोली

डार्मश्टाट, ९ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. पद्माकरमामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवर वाचलेलं लक्षात राहत नाही, म्हणून हे हाताने लिहिलेलं पत्र. याचा फोटो मी मिरजेच्या झेरॉक्सवाल्याला पाठवणार, तो छापून तुमच्याकडे आणणार, आणि वाटेत स्वतः वाचणार हे मला माहीत आहे. खुशाल वाचू दे. मी एका माणसावर सूड उगवायला निघाले आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तो माणूस म्हणजे आमच्या इमारतीचा हाउसमाइस्टर, हेर म्हणजे श्रीयुत विंकलर. तळमजल्यावर राहतो. कचऱ्याचे डबे, जिन्यातले दिवे, तळघरातलं हीटिंग, सगळं त्याच्याकडे. उन्हाळ्यात तुम्ही गॅलरीतून सतरंजी झटकलीत तेव्हा खालून बोट नाचवत होता तोच.

ऑक्टोबरात हीटिंग सुरू झालं. बाकी घर छान उबदार, पण अन्वीची खोली, म्हणजे तुम्ही आणि मामी मे ते जुलै जिथे राहिलात ती, थंडगार. थर्मामीटर चौदाच्या वर जात नाही. कोपऱ्यातल्या भिंतीवर काळी बुरशी आली आहे. पोरगी आमच्या दोघांच्या मध्ये झोपते आणि सकाळ-संध्याकाळ खोकते. मी विंकलरला बोलावलं. त्याने उभ्याउभ्याच रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावला, तो गरम आहे म्हणाला, थर्मोस्टॅट पाचवर फिरवला आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून नाक ओढलं. आम्ही लोक फार शिजवतो, खिडक्या उघडत नाही, वाफेने भिंती ओल्या होतात, आणि गरम देशातून आल्यामुळे आम्हाला उगीच थंडी वाजते, एक स्वेटर घातला की भागेल, असं सगळं त्याने अन्वीसमोर सांगितलं. आमची नऊ वर्षांची अन्वी, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्येच येतं, तिने संध्याकाळी मला जर्मनमध्ये विचारलं की आपल्या घराला वास येतो का. मामा, तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

त्याने तोच अहवाल हाउसफेरवाल्टुंगला, म्हणजे घरमालकाच्या व्यवस्थापन कचेरीला पाठवला. त्यांचं पत्र आलं आहे. बुरशी कोणाच्या चुकीने आली हे ते जानेवारीत ठरवणार. चूक आमची निघाली तर घर सोडायचं. चूक हीटिंगची आणि त्याच्या हलगर्जीची निघाली तर त्याची नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर मिळालेलं तळमजल्याचं घरही. म्हणजे आता या इमारतीत एक तर तो राहील नाही तर आम्ही. हे घर मिळायला चौदा महिने लागले होते आणि अन्वीची शाळा रस्त्यापलीकडे आहे. मी हलणार नाही.

तुम्ही साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये तीस वर्षं काढलीत. एक रेडिएटर दुरुस्त कसा करायचा ते सांगा, आणि एक विंकलर दुरुस्त कसा करायचा तेही सांगा. मामींना नमस्कार. लोभ आहेच, या महिन्यात तो जरा तिखट असू द्या.

तुमची भाची,
कादंबरी


मिरज, १२ नोव्हेंबर

चि. सौ. कादंबरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रक्त सळसळलं. निवृत्त झाल्यापासून मला कोणी दुरुस्तीचं काही विचारत नाही. तुझी मामी मिक्सर बिघडला तरी दुकानात नेते.

आता नीट ऐक. रेडिएटर गार राहण्याची कारणं मोजकीच असतात. एक, आत हवा अडकणं. बाजूला वरच्या टोकाला छोटा स्क्रू असेल, त्याची किल्ली आण, खाली फडकं धर आणि अलगद सैल कर. हवा असेल तर फुस्स होईल, मग पाणी येईल. दोन, थर्मोस्टॅटची टोपी काढलीस की आत एक बारीक पिन दिसेल. उन्हाळाभर ती न हलल्यामुळे अडकते. पक्कडीने हळू दाबून बघ, परत वर यायला हवी. तीन, थर्मोस्टॅटवर टॉवेल, पायमोजे वाळत घालत नाहीस ना? त्या बिचाऱ्याला वाटतं खोली तापली, आणि तो पाणी बंद करतो. पाणी वरून शिरतं आणि खालून बाहेर पडतं. आधी वरचं तपास, मग खालचं मी सांगतो.

आणि विंकलरसाठी मोठी वही घे. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत दर दोन तासांनी खोलीचं तापमान, बाहेरचं तापमान, खिडकी किती मिनिटं उघडली, आणि पुढे सही. कारखान्यात माझ्या लॉगबुकापुढे मोठमोठे साहेब गप्प बसायचे. असल्या माणसाला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याला आकड्यांनी झोडायचं. त्याच्याकडे आकडे नसणार, तू बघच.

अन्वीला सांग, आजोबा पाठीशी आहेत. जावईबापूंना आशीर्वाद. पत्राची वाट बघतो, लवकर लिही.

तुझा,
पद्माकरमामा


डार्मश्टाट, २४ नोव्हेंबर

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

स्क्रू सैल केला. हवा नव्हतीच, थेट पाणी आलं, काळं कुळकुळीत, आणि नवा गालिचा गेला. पिन दाबली, ती टुणकन वर आली. टॉवेल, मोजे काही वाळत नाही. वरचा पाइप हात भाजेल इतका गरम आणि रेडिएटर मात्र गारच. कपिल म्हणतो, सॉफ्टवेअरवाल्या मुलीशी लग्न केलं आणि घरात बॉयलर अटेंडंट आली. मी त्याला सकाळी सहाच्या नोंदीवर सही करायला लावते.

वही मात्र फार गोड लागते आहे, मामा. प्रत्येक चौदा अंश लिहिताना मला विंकलरचं तोंड दिसतं. परवा तो जिन्यात भेटला आणि खिडक्या कशा उघडाव्यात याचा चित्रं काढलेला कागद त्याने माझ्या हातात दिला. लहान मुलांना दात कसे घासावेत ते शिकवतात तशी चित्रं. मी हसून आभार मानले. दात इतके आवळले होते की जबडा दुखला.

आता खालचं सांगा. रेडिएटरच्या पायथ्याशी एक छोटी टोपी दिसते आहे, ती उघडायची का? तुम्ही सांगाल तसं करते. मामींच्या गुडघ्यांची चौकशी केली म्हणून सांगा. माया आहे ती तशीच असू द्या.

कादंबरी


मिरज, २९ नोव्हेंबर

चि. सौ. कादंबरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा मी चार दिवस विचार केला. खालच्या टोपीला अजिबात हात लावू नकोस. पाणी फुटेल, खालच्या मजल्यावर गळेल, आणि विंकलरच्या हातात आयतं कोलीत मिळेल. बाहेरचा फिटरही बोलावू नकोस, नाही तर आहे तो पुरावा पुसला जाईल.

दोष तुझ्या खोलीत नाहीच. तळघरात आहे. तळमजल्याचे रेडिएटर सताड उघडे टाकून तो ढेरपोट्या गरम गरम बसला असणार, सगळं पाणी त्याच्याकडे वळत असणार आणि तुमच्यापर्यंत पोचता पोचता दम संपत असणार. असले लोक मी कारखान्यात पुष्कळ पाहिले. वरच्या मजल्यांवर कोणाकोणाला थंडी वाजते ते विचार, त्यांच्या सह्या घे. त्याने तुझा रेडिएटर उघडून पाहिला का, कधी पाहिला, नोंद कुठे आहे, हे चारचौघांत विचार. चांगली खोड मोड त्याची. मागे हटू नकोस, मी तुझ्या मागे उभा आहे.

अन्वीला रोज हळदीचं दूध दे. मामी जरा नाराज आहे, घरगुती कारण आहे, तू मनावर घेऊ नकोस.

मामा


डार्मश्टाट, १९ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि. आणि वर एक पेढा.

जिरवली! शुक्रवारी बैठक झाली. मी वही ठेवली, सत्तावन्न पानं, प्रत्येक ओळीपुढे सही. वरच्या मजल्यांवरच्या पाच कुटुंबांनी सह्या दिल्या. त्यांतल्या चौघांना खरं तर विंकलर आवडत नाही एवढंच, पण सही ती सही. मग तुम्ही शिकवलेला प्रश्न मी अगदी गोड जर्मनमध्ये विचारला. त्याने रेडिएटर उघडून पाहिला का? तो म्हणाला गरज वाटली नाही. नोंद? नोंद नव्हती. कचेरीच्या बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की संपलं. चूक त्याची ठरली. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत त्याला घर रिकामं करायचं आहे. आमच्या रेडिएटरसाठी माणूस मार्चमध्ये पाठवणार आहेत.

मला वाईट वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. तो बावीस वर्षं इथे आहे, एकटाच आहे, हे बैठकीत कोणीतरी म्हणालं. मी खाली बघून माझ्या वहीची पानं सारखी केली. काल जिन्यात खोकी आणून ठेवलेली दिसली. तो खिडक्यांचा चित्रांचा कागद मी जपून ठेवला होता, तो त्याच्या टपालपेटीत टाकला. घर सोडताना खोल्यांना नीट हवा द्यावी, एवढंच त्यावर लिहिलं. अन्वीने विचारलेलं आठवत होतं.

हे सगळं तुमच्यामुळे. या उन्हाळ्यात पुन्हा या, विजयाची मेजवानी देते. तुमचा वरदहस्त असाच राहू द्या.

तुमची,
कादंबरी


मिरज, २३ जानेवारी

चि. सौ. कादंबरीस,
सरलामामीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मामांना माहीत नाही. झेरॉक्सवाल्याला दम दिला आहे.

बाळ, तू खालची टोपी उघड. मामांची सवय तुला माहीत आहे. घरातून निघताना गॅसचा कॉक, पाण्याचा व्हॉल्व्ह, सगळं बंद केल्याशिवाय हे उंबरा ओलांडत नाहीत. लग्नाला गेलो तर तिथल्या स्वयंपाकघरातसुद्धा जाऊन बघतात. जुलैत तुमच्याकडून निघालो, खाली टॅक्सी उभी, आणि यांना बंद करायला काही सापडेना. तुमच्याकडे गॅसच नाही, पाण्याचा व्हॉल्व्ह कुलपात. शेवटी बॅगेतून सहा कोनी किल्ली काढली, अन्वीच्या खोलीतल्या रेडिएटरची खालची टोपी काढली आणि आतला नट घट्ट फिरवून टाकला. उन्हाळ्यात पाण्याला विश्रांती, म्हणाले. मी टॅक्सीच्या घाईत होते, मला काय कळतंय त्यातलं.

तुझं दुसरं पत्र आलं, त्यात टोपीचं नाव वाचलं आणि हे जेवणावरून उठले. मी म्हटलं, सांगून टाका, पोरीची खोली गरम होऊ दे. तर म्हणाले, तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस भाचीला काय तोंडाने सांगणार? मग तुला ते विंकलरचं पत्र लिहिलं. मी गप्प बसले, हा माझाही दोष. एका रेडिएटरचा प्रश्न आहे, होईल काहीतरी, असं वाटलं. आता एका म्हाताऱ्या माणसाचं घर जातंय. मला अन्न गोड लागत नाही.

माझ्यावर रागवायचं तर रागव. पण आधी टोपी उघड.

मामी


डार्मश्टाट, २ फेब्रुवारी

पद्माकरमामांस,
नमस्कार. साष्टांग घालायची आज इच्छा नाही.

टोपी उघडली. पाणी फुटलं नाही. नट शेवटपर्यंत आवळलेला होता. दोन वेढे सैल केला, आत खळखळ झाली, आणि वीस मिनिटांत रेडिएटर तापला. तीन महिने माझी पोरगी खोकली, मामा. तुम्हाला सगळ्यात आधी कळलं होतं.

कपिल म्हणाला, कोणालाच माहीत नाही, गप्प राहू या, घर वाचलं आहे. मला ते पटलं होतं. एक अख्खा दिवस मी गप्प राहायचं ठरवून फिरत होते, हे मी लपवणार नाही. विंकलरची दया येऊन मी बोलले असं समजू नका. मी तुमच्यावर इतकी चिडले होते की मला खरं बोलल्याशिवाय राहवेना. माझा अपमान झाला होता, माझा राग होता, आणि तो तुम्ही तुमची चूक झाकायला वापरलात. मला सुडाची चव तुम्हीच लावलीत, मग आता तो तुमच्या वाट्याला आला तर तक्रार करू नका.

तुमची दोन्ही पत्रं मी जर्मनमध्ये उतरवली आणि मामींनी सांगितलेलं सगळं लिहून एक प्रत कचेरीत दिली, एक विंकलरांना. ढेरपोट्या या शब्दालाही मी नेमका शब्द शोधला. माझ्या चित्रांच्या कागदाबद्दल माफी मागितली. ती मागताना मात्र जीभ जड झाली, कारण तो सगळा पराक्रम माझा होता, त्यात तुमचा हात नव्हता.

ते वर आले. एक गुडघा वाकत नाही त्यांचा, तरी भिंतीला धरून खाली टेकले, बॅटरी लावून त्या नटाकडे बराच वेळ पाहत बसले. उठताना कपिलने हात दिला. ऑक्टोबरातच असं टेकायला हवं होतं, एवढंच म्हणाले. त्यांचं घर आणि नोकरी राहिली. आता पारडं फिरलं आहे. रेडिएटर आमच्याच पाहुण्याने बंद केला, म्हणून आम्हाला ठेवायचं की काढायचं याबद्दल कचेरीने त्यांचंच लेखी मत मागितलं आहे. ते म्हणाले, सवडीने लिहितो. रोज सकाळी सात वाजता आमच्या मजल्यावर येतात, जिन्याच्या दोन्ही खिडक्या सताड उघडतात, दहा मिनिटं घड्याळ बघत उभे राहतात आणि मला गुटन मॉर्गन म्हणतात. मी अन्वीचं दप्तर घेऊन कुडकुडत उभी असते आणि उत्तर देते. ती दहा मिनिटं माझी आहेत, मी ती भोगते.

तुम्ही विंकलरांना पत्र लिहा. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने. एक शब्दही मऊ न करता मी ते उतरवीन. ते येईपर्यंत माझ्याकडून काही येणार नाही.

कादंबरी


मिरज, ९ फेब्रुवारी

चि. कादंबरीस,
आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

मामीने माझी किल्ल्यांची पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं आहे. तू चारचौघांत माझी पत्रं वाचायला दिलीस. तुझा राग यायला हवा, पण मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं, आणि ते जास्त लागतं.

विंकलरसाठी पुढच्या ओळी. तुमच्या इमारतीतला नट मी बंद केला. विसरलो, तो गुन्हा लहान. आठवलं आणि बोललो नाही, तो मोठा. भाचीच्या नजरेत मोठा राहावा म्हणून तुमचं घर मी पणाला लावलं, आणि तुम्हाला नावं ठेवताना मला मजा आली. राग काढायचा तो माझ्यावर काढा. त्या मुलांचं घर काढू नका.

हे लिहायला आठ कागद फाडले. अन्वीची खोली किती अंशांवर आहे, तेवढं एक कळव.

पद्माकर


डार्मश्टाट, ३ मार्च

(मामा, हेर विंकलरांचं उत्तर आलं. एक शब्द गाळला नाही, एकही वाढवला नाही. कादंबरी)

अतिशय माननीय श्री. पद्माकर,

आपलं पत्र मिळालं. मुलीच्या खोलीत काल संध्याकाळी एकवीस अंश होते. मी स्वतः मोजले आणि लिहून ठेवले. आता मी लिहून ठेवतो.

मी ऑक्टोबरात गुडघे टेकले नाहीत, कारण भारतीय लोकांच्या घरात काय चुकतं हे मला आधीच माहीत आहे असं मला वाटलं. ती माझी चूक. तुम्हाला काय चुकलं हे खरोखर माहीत होतं आणि तुम्ही बोलला नाहीत. ती तुमची. माझ्या मते तुमची जड आहे.

या कुटुंबाने इथेच राहावं असं मी कचेरीला कळवलं आहे. हे मत मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवलं होतं. महिनाअखेरपर्यंत पाठवलं नाही, कारण मला घालवताना तुमच्या भाचीनेही घाई केली नव्हती, आणि मला ते उशिराने पाठवायला बरं वाटलं.

मी तुम्हाला क्षमा करत नाही. तुम्ही जूनमध्ये येणार आहात असं ऐकतो. या इमारतीत एकशे बारा रेडिएटर आहेत आणि प्रत्येकाला खाली एक नट आहे. पुढच्या हिवाळ्याआधी ते सगळे तपासायचे आहेत. माझा गुडघा वाकत नाही. बॅटरी मी धरीन, गुडघे तुम्ही टेका. सकाळी सात वाजता सुरुवात. उशीर चालणार नाही.

मैत्रीपूर्ण अभिवादनासह,
हेर्बर्ट विंकलर

(मामा, शेवटची ओळ इथे सगळेच सगळ्यांना लिहितात. तिच्यावर विसंबू नका. गुडघ्यांचे पट्टे घेऊन या.)